कापसासाठी आखलेली नदी

महाराष्ट्राच्या नकाशात अगदी आग्नेय टोकाला सिरोंचा तालुका आहे. त्याच्या पश्चिमेला प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी आणि पूर्वेच्या अंगाला इंद्रावती. बाजारात मराठीपेक्षा तेलुगू अधिक ऐकू येते, लग्नसंबंध नदीपलीकडच्या गावांशी होतात, आणि गडचिरोलीचे जिल्हा कार्यालय गाठायचे म्हटले तर जंगलातून दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करावा लागतो. समोरच्या काठावरचे कालेश्वर मात्र हाकेच्या अंतरावर आहे आणि ते तेलंगणात आहे. हा तालुका महाराष्ट्रात आला कसा, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस सतावत होता. त्याच्या उत्तराचा माग काढताना मी एका जलमार्गापाशी येऊन पोहोचलो. हा जलमार्ग एकोणिसाव्या शतकात मोठ्या उमेदीने बांधायला घेतला गेला, दहा वर्षांहून अधिक काळ त्यावर दगड फोडला गेला, आणि १८७१ मध्ये तो अर्ध्यावर सोडून देण्यात आला. वऱ्हाड आणि नागपूरकडचा कापूस गोदावरीच्या पाण्यावरून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत न्यायचा, हा त्यामागचा हेतू होता.

आधी तालुक्याचे उत्तर सांगतो. डिसेंबर १८६० मध्ये इंग्रज सरकार आणि हैदराबादचे निजाम अफझल-उद्-दौला यांच्यात एक तह झाला. १८५७ च्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिले होते. त्याची परतफेड म्हणून नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख आणि रायचूरचा दुआब त्यांना परत मिळाला, आणि सुमारे ५० लाख रुपयांचे कर्ज माफ झाले. बदल्यात इंग्रजांनी गोदावरी आणि वैनगंगा या नद्यांच्या डाव्या काठावरचा निजामाचा प्रदेश मागून घेतला आणि या नद्यांवरच्या वाहतुकीवर कोणतीही जकात बसणार नाही असे कलम घालून घेतले. त्या डाव्या काठावर घनदाट जंगल, विरळ वस्ती आणि जेमतेम महसूल होता. एवढा मोठा व्यवहार करून असा प्रदेश घेण्याचे कारण नदीवर चालणाऱ्या बोटी हेच होते. पुढच्याच वर्षी मध्य प्रांताची स्थापना झाली, त्यात 'अपर गोदावरी' नावाचा जिल्हा करण्यात आला, आणि सिरोंचा हे त्याचे मुख्य ठिकाण झाले. तिथले डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड यांचे नाव ग्लासफोर्डपेठा या गावाच्या रूपाने तालुक्यात अजून नांदते आहे. जलमार्ग सोडून दिल्यावर तीन वर्षांत, १८७४ मध्ये, तो जिल्हाही मोडला. भद्राचलमकडचा भाग मद्रास इलाख्याकडे गेला, सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडला गेला, आणि चांद्याबरोबर तो १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. बोटी गेल्या, पण त्यांच्यासाठी आखलेली सीमा राहिली.

या कल्पनेचे जनक इंग्रज अभियंते आर्थर कॉटन. १८३३ च्या दुष्काळाने राजमहेंद्रीकडचा गोदावरीचा प्रदेश अक्षरशः ओस पडला होता. तिथे धवळेश्वरमला कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचा बंधारा बांधला. नदीचा तळ वाळूचा, खडक हाताशी लागेना, तेव्हा त्यांनी वाळूत विहिरी उतरवून त्यांवर बंधारा उभा केला. ही पद्धत त्यांनी कावेरीवरच्या चोळांच्या जुन्या बंधाऱ्याचा अभ्यास करून आत्मसात केली होती. या बंधाऱ्याने त्रिभुज प्रदेशाचे रूप पालटले, आणि आजही तिथे कॉटन यांचे पुतळे आहेत, त्यांना हार घातले जातात. एका इंग्रज अभियंत्याविषयी एवढी आपुलकी आपल्याकडे क्वचितच आढळते, आणि ती त्यांनी कमावलेली आहे यात मला शंका नाही.

कॉटन यांनी त्रिभुज प्रदेशातले कालवे केवळ सिंचनासाठी बांधले नाहीत. ते पुरेसे रुंद आणि खोल ठेवले, जागोजागी लॉक बसवले, आणि शेताला पाणी देणारा कालवा मालाची वाहतूकही करू लागला. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना जड लाकडी दारे असलेली, दगडी भिंतींची एक लांबट कोठी. खालच्या पाण्यातून आलेली नाव कोठीत शिरते आणि मागचे दार लावले जाते. मग वरच्या दाराच्या बुडाशी असलेली झडप उघडून वरचे पाणी हळूहळू आत सोडतात. कोठी भरत जाते तशी नाव भिंतीलगत वर चढते, दगडाच्या एकेका थराच्या पुढे सरकते, आणि आतले पाणी वरच्या पाण्याशी समपातळीत आले की वरचे दार अगदी थोड्या जोराने उघडते. तोवर पाण्याच्या दाबामुळे ते दहा माणसांनाही हलत नाही. या सगळ्यात बैल लागत नाही, कोळसा लागत नाही. एक माणूस झडपेपाशी आणि एक नावेवर असला की पुरे. हजारो मण माल पुरुषभर उंची चढून जातो. हे दृश्य रोज डोळ्यांसमोर घडत असताना, असेच पुढे थेट नागपूरपर्यंत का जाऊ नये असे कॉटन यांना वाटले असेल तर ते अगदी स्वाभाविक होते.

काळही अनुकूल होता. १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात आले आणि १८५४ मध्ये भोसल्यांचे नागपूर संस्थान खालसा झाले. अवघ्या वर्षभरात हिंदुस्थानातला कापसाचा एक उत्तम पट्टा इंग्रजांच्या हाती आला, आणि त्या पट्ट्याला समुद्राकडे जाणारी धड वाट नव्हती. वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या तांड्यांबरोबर बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल चालत मिर्झापूरला जाई आणि तिथून गंगेतून कलकत्त्याला. वाटेत तो भिजे, धुळीने माखे, चोरीला जाई. वैनगंगा आणि वर्धा एकत्र येऊन प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते, गोदावरी राजमहेंद्रीवरून समुद्राला जाते. नकाशावर पाहिले तर निसर्गाने कापसाच्या शेतापासून काकिनाडा बंदरापर्यंत एक तयार रस्ता आखून ठेवला होता. परतीच्या बोटींतून समुद्राकाठचे मीठ वर आणता येणार होते. चांदा-भंडाऱ्याकडे मीठ हेही लमाणांच्या बैलांवरूनच येत असल्याने ते महाग पडे, आणि मीठ स्वस्त होणे ही त्या भागातल्या गोरगरिबांच्या दृष्टीने कापसापेक्षा मोठी गोष्ट होती. या योजनेविषयी वाचताना मला सर्वांत जवळची वाटते ती हीच बाजू, आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांच्या गदारोळात सर्वांत कमी ऐकू आली तीही हीच.

उताराचा हिशोबही कॉटन यांच्या बाजूने होता. सिरोंच्याच्या खाली आता जे मेडीगड्डा धरण आहे त्याची पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून १०० मीटर आहे. म्हणजे सिरोंच्यापासून समुद्रापर्यंतच्या सुमारे चारशे किलोमीटरच्या वाटेत नदी शंभर मीटरच्या आतबाहेरच उतरते. एवढ्या लांबीच्या नदीसाठी हा उतार फारच सौम्य आहे. अडचण अशी की तो सारखा वाटलेला नाही. लांबच लांब पट्ट्यांत नदी जवळजवळ सपाट वाहते, आणि मग अचानक खडकांच्या रांगांवर येऊन थोड्याशा अंतरात बरीच खाली उतरते. असे तीन मोठे टप्पे वाटेत होते. पहिला भद्राचलमच्या वर दुम्मागुडेमपाशी, दुसरा इंद्रावतीच्या संगमाच्या खाली इंचमपल्लीपाशी, आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीपाशी. देवलमरी आज अहेरी तालुक्यात आहे. या तिन्ही ठिकाणी नदीत बंधारा घालून वरचे खडक पाण्याखाली बुडवायचे, जिथे तेवढ्याने भागणार नाही तिथे काठाने कालवा खोदायचा, आणि त्यावर लॉक बांधून बोटींना चढवायचे आणि उतरवायचे, अशी योजना ठरली.

ती प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी मद्रास इंजिनिअर्समधील एफ. टी. हेग यांच्यावर आली. हेग हे कॉटन यांच्या हाताखाली तयार झालेले. त्रिभुज प्रदेशात गन्नवरम येथे, गोदावरीच्या एका फाट्यावरून कालवा पलीकडे नेणारा जलसेतू त्यांनी तरुण वयात बांधून दाखवला होता. त्याला प्रत्येकी ४० फुटांच्या ४९ कमानी होत्या, आणि तो अत्यंत कमी वेळात पुरा झाला होता. १८५६ मध्ये हेग यांचा वरच्या गोदावरीच्या नौकानयनावरचा अहवाल आला. पुढली कित्येक वर्षे हा माणूस त्या जंगलात राहिला. दुम्मागुडेमला कोया लोकांमध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे काम सुरू झाले तेही त्यांच्याच पुढाकाराने. हेग यांच्या धर्मप्रसाराबद्दल कोणाचे काहीही मत असो, नदीकडे केवळ नोकरी म्हणून पाहणारा हा माणूस नव्हता एवढे त्यावरून दिसते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. मँचेस्टरच्या कॉटन सप्लाय असोसिएशनने आधीपासूनच हिंदुस्थानातल्या रस्त्यांवरून आणि नद्यांवरून ओरड चालवली होती. आता तिला धार आली. गोदावरीचे काम रेंगाळते आहे म्हणून भारतमंत्री चार्ल्स वुड यांना जाब विचारला जाऊ लागला. इकडे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल, जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, ते या योजनेचे खंदे पुरस्कर्ते होते आणि त्यांनी कामाचा जोरदार पाठपुरावा केला. लंडनपासून सिरोंच्यापर्यंत, निदान कागदावर, सगळे एका बाजूला होते.

नदी मात्र वेगळी होती. त्रिभुज प्रदेशात कॉटन यांच्यापुढे वाळू होती, दाट वस्ती होती, पोट भरण्यासाठी कामाच्या शोधात असलेले हजारो हात होते. दुम्मागुडेमच्या वर कठीण खडक होता आणि माणसे नव्हती. डायनामाइटचा शोध १८६७ मधला, आणि या जंगलात तो पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. खडकात पहारीने भोके पाडायची, त्यांत सुरुंगाची दारू ठासायची, स्फोटानंतर निघालेले दगड हाताने उचलून बाजूला टाकायचे, आणि पुन्हा पहार. मजूर खालून, त्रिभुज प्रदेशातून आणावे लागत. त्यांच्यासाठी धान्यही खालूनच आणावे लागे. पाऊस संपल्यावर नदी उतरू लागे त्याच महिन्यांत त्या भागात तापाची साथ जोरावर असे, म्हणजे काम सुरू करण्याची वेळ आणि माणसे आजारी पडण्याची वेळ एकच. थंडीत ताप ओसरला की पात्रातले काम खऱ्या अर्थाने उभे राही, उन्हाळ्यात उन्हाचा तडाखा सोसत चाले, आणि जूनमध्ये पहिला लोंढा आला की सगळे आवरून वर यावे लागे. अर्धवट राहिलेले बांधकाम पुराच्या हवाली करून पुढच्या हंगामाची वाट पाहायची. पूर म्हणजे कसला पूर, याची कल्पना यावी म्हणून अलीकडचा एक आकडा देतो. ऑगस्ट १९८६ मध्ये भद्राचलमला गोदावरीची पातळी ७५.६ फुटांवर गेली होती आणि धवळेश्वरमवरून सुमारे ३५ लाख क्युसेक पाणी समुद्राला गेले. तीच नदी उन्हाळ्याच्या अखेरीस काही हजार क्युसेकवर येते.

एप्रिलमध्ये सिरोंच्याच्या काठावर उभे राहिले की ही गोष्ट आकड्यांशिवाय कळते. पात्र एवढे रुंद आहे की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, पण त्या रुंदीत बहुतेक सगळी वाळू असते. पाणी एका बाजूला, वाकड्यातिकड्या अरुंद धारेत, आणि मध्येमध्ये डोहांत. ढिवरांचा डोंगा डोहातून आरामात फिरतो, पण धारेत आला की चालवणारा उतरतो आणि त्याला वाळूवरून ओढत पुढच्या डोहात सोडतो. वाळूत टरबुजांच्या आणि डांगरांच्या वाड्या लावलेल्या असतात. वाळू उकरून केलेल्या खड्ड्यांत खत घालून वेल लावलेले, वाऱ्याने वाळू उडू नये म्हणून काटक्यांचे कुंपण, आणि राखणीसाठी एक खोपटे. जून उजाडण्याच्या आत हे सगळे उरकायचे असते, हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत आहे. मी एका वाडीवाल्याशी बोललो तेव्हा त्याने हाताने पात्राचे दोन भाग करून दाखवले. इथपर्यंत वेल लावायचा, इथून पुढची वाळू यंदा ओली आहे, ती नदी लवकर घेईल. पाणी केव्हा येते आणि किती दिवस टिकते हे या माणसांच्या पोटापाण्याशी बांधलेले ज्ञान आहे.

आणि इथेच, माझ्या मते, योजनेचा मूळ पेच होता. त्याची चर्चा खडक, मजूर आणि पैसा यांच्यापेक्षा फार कमी होते. कापूस आणि नदी यांची पंचांगे जुळत नव्हती. वऱ्हाडात कापसाची वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि माघ-फाल्गुनापर्यंत चालते. वेचलेला कापूस सरकी काढून, गाठी बांधून बाजारात येईपर्यंत पौष-माघ उजाडतो. नदीला बोटी चालण्याजोगे पाणी येते आषाढात आणि ते थंडीच्या उत्तरार्धात ओसरू लागते. म्हणजे बोट असते तेव्हा कापूस झाडावर असतो, आणि गाठी तयार होतात तेव्हा बोट वाळूत रुतण्याची वेळ आलेली असते. फार तर पहिल्या वेचणीचा माल त्या हंगामात खाली गेला असता. बाकीचा पुढच्या आषाढापर्यंत गोदामात ठेवावा लागला असता, आणि तोवर व्यापाऱ्याचे भांडवल अडकून व्याज चढत राहिले असते. शिवाय आषाढ-श्रावणात प्रवाहाला एवढा जोर असतो की भरलेल्या बोटी उताराला नेणे जोखमीचे आणि रिकाम्या बोटी चढाला आणणे कष्टाचे. बंधारे आणि लॉक खडकांचा प्रश्न सोडवतात, पाण्याचा नाही. बारमाही पाणी हवे असेल तर वरच्या नद्यांवर मोठे साठे करायला हवेत, म्हणजे मूळ योजनेच्या डोक्यावर आणखी एक योजना. मीठ, धान्य, सागवान यांना थांबणे परवडते. या मालासाठी नदी पुरेशी होती. पण पैसा मंजूर झाला होता तो कापसाच्या नावावर.

मुंबईकडून लोखंडी रस्ता येत होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाड ओलांडून फेब्रुवारी १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. आगगाडीला आषाढ आणि माघ सारखेच. कापूस तयार झाला त्या आठवड्यात तो गाडीत भरता येई आणि भाव पाहून विकता येई. मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांच्यासाठी नेमलेले कॉटन कमिशनर, म्हणजे कापूस आयुक्त, रिव्हेट-कार्नाक यांचे लक्ष आता दाबलेल्या गाठी, बाजारपेठा आणि रेल्वे स्थानके यांच्याकडे लागले. मग नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. याचा गोदावरीशी संबंध लावलेला मी फारसा वाचलेला नाही, पण तो फार थेट आहे. जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात होती तोवर पश्चिम किनारा काय आणि पूर्व किनारा काय, इंग्लंडच्या अंतरात मोठा फरक पडत नव्हता. सुएझनंतर मुंबई एकदम युरोपच्या दाराशी आली, आणि काकिनाड्याहून निघणाऱ्या जहाजाला आधी सगळा द्वीपकल्प वळसा घालून यावे लागणार होते. एका परदेशी कालव्याने गोदावरीच्या कालव्याखालची जमीन काढून घेतली, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. दरम्यान अमेरिकेतले युद्ध १८६५ मध्येच संपले होते, कापसाचे भाव कोसळले होते, आणि मँचेस्टरचा आवाज पुष्कळ खाली आला होता.

लॉर्ड मेयो १८६९ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून आले तेव्हा सरकारच्या तिजोरीत मोठी तूट होती आणि त्यांनी सार्वजनिक बांधकामांच्या खर्चाला कात्री लावली. मेयो यांना कापसाचे वावडे नव्हते. १८७० मध्ये ते स्वतः खामगावला आले आणि जलंब-खामगाव या रेल्वे फाट्याचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले. पुढच्याच वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीचा फाटा सुरू झाला, आणि त्याच वर्षी, १८७१ मध्ये, वरच्या गोदावरीचे काम बंद करण्याचा निर्णय झाला. तोवर सर्वांत जास्त काम दुम्मागुडेमला झाले होते. तिथला दगडी बंधारा आजही नदीत आहे. वरच्या दोन टप्प्यांवरचे काम अपुरेच राहिले.

हा निर्णय बरोबर होता का? माझे उत्तर असे आहे की कापसासाठी म्हणून तो बरोबर होता, आणि तो दहा वर्षे आधी घ्यायला हवा होता. कॉटन यांना तो कधीच पटला नाही. रेल्वेपेक्षा पाण्यावरची वाहतूक कितीतरी स्वस्त आहे आणि रेल्वे कंपन्यांना ५ टक्के नफ्याची हमी देऊन सरकार देशाचा पैसा घालवत आहे, हे त्यांचे म्हणणे त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. १८७८ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढेही त्यांनी कालव्यांचीच बाजू मांडली. त्या हमीबद्दलचा त्यांचा राग रास्त होता, आणि पुढे आपल्याकडच्या अर्थतज्ज्ञांनीही तोच मुद्दा लावून धरला. दुष्काळात रेल्वे धान्य आणते, कालवा धान्य पिकवतो, हा त्यांचा विचारही मला आजही बिनतोड वाटतो. पण वरच्या गोदावरीवर कालवा धान्य पिकवणार नव्हता. तो निव्वळ वाहतुकीचा होता, आणि त्रिभुज प्रदेशात सिंचन आणि वाहतूक या दोघांनी मिळून जो खर्च भरून काढला तो इथे एकट्या वाहतुकीवर पडणार होता. आपल्याच यशाने कॉटन यांची नजर बांधली गेली. धवळेश्वरमच्या खालची नदी त्यांना इतकी नीट कळली होती की वरचीही तशीच वागेल असे त्यांनी गृहीत धरले.

मला खटकते ते वेगळेच. जमाखर्चाच्या वहीत कापूस होता, तसे मीठ नव्हते. रेल्वेने कापूस नेला, पण सिरोंचा, अहेरी, भद्राचलम या पट्ट्यात रेल्वे आली नाही. जे मीठ पाण्यावरून स्वस्तात येऊ शकले असते ते पुढेही बैलांच्या पाठीवरूनच येत राहिले. तीन मोठे टप्पे न ओलांडता, पण त्यांच्या दरम्यानच्या सपाट पट्ट्यांत साध्या नावा चालवून, खडकांपाशी माल उतरवून पुढच्या नावेत चढवण्याची सोय करून, वर्षातून सहा-सात महिने स्थानिक व्यापार चालवता आला असता. भव्य योजना फसली की तिच्याबरोबर तिच्या आतली ही छोटी, होण्याजोगी योजनाही फेकून दिली जाते. डाव्या काठावरचे गोंड, माडिया आणि कोया यांना या सगळ्यातून मिळाले ते वनखाते, सरकारी लाकूडतोड आणि नवी सरहद्द.

गोदावरीच्या याच पट्ट्यावर त्यानंतरही मोठ्या माणसांच्या नजरा वळत राहिल्या. इंचमपल्लीला धरण बांधण्यासाठी तीन राज्यांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाटाघाटी झाल्या. बुडिताखाली जाणाऱ्या जमिनीच्या प्रश्नावर त्या अडून राहिल्या. २१ जून २०१९ रोजी कालेश्वरम प्रकल्पातल्या मेडीगड्डा धरणाचे उद्घाटन झाले. ८५ दरवाजांचे हे धरण सिरोंच्याच्या खाली, तालुक्याच्या काठाला लागूनच उभे आहे. जुलै २०२२ च्या पुरात सिरोंचा तालुक्यातली शेती बुडाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच धरणाचे काही खांब खचले. कॉटन यांनी वाळूवर विहिरी उतरवून बांधलेल्या बंधाऱ्याने शतकाहून अधिक काळ काम दिले, ही आठवण त्या वेळी अनेक तेलुगू मित्रांनी काढली, आणि ती काढण्याचा त्यांना अधिकार होता.

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याच्या यादीत वैनगंगा-प्राणहिता आहे, पैनगंगा-वर्धा आहे, आणि भद्राचलमपासून वर थेट नाशिकपर्यंतची गोदावरीही आहे. म्हणजे कागदावर ही नदी पुन्हा एकदा जलमार्ग झाली आहे. या कामासाठी पुढे कधी सविस्तर पाहणी होईल तेव्हा तिच्या पहिल्या पानावर दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी ही तीन नावे असावीत, आणि हेग यांच्या काळातले अहवाल पाहणी करणाऱ्यांनी आधी वाचावेत. त्यानंतर महिन्यागणिक पाण्याची खोली आणि त्या त्या महिन्यात नेण्याजोगा माल यांचा एक तक्ता मांडावा. तो जिथे जुळेल तेवढ्याच पट्ट्यात बोटी चालवाव्यात, मग तो पट्टा अहेरी ते सिरोंचा एवढाच का असेना. जिथे जुळणार नाही तिथे ढिवरांची मासेमारी आणि वाळूतल्या वाड्या यांची नदीचा चालू वापर म्हणून सरकारी नोंद व्हावी, आणि ती नोंद करताना वाडीवाल्यांना विचारावे.